चिकट रेशमी लाईन आणि जवसाचं तेल : एका हंगामाचा अनुभव

शेजारच्या आजोबांनी गराज आवरताना फ्लाय फिशिंगची, म्हणजे लाईन लांब फेकून मासे पकडायची, एक जुनी रील दिली. तिच्यावरची रेशमी लाईन फणसाच्या चिकासारखी बोटांना चिकटत होती. मी इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला व्हार्फ नदीवर ट्राउट मासे पकडतो, पण पीव्हीसीच्या लाईनने. ती मळली की साबणाच्या कोमट पाण्यातून काढून पुसायची, झालं. रेशमाचं प्रकरण निराळं.

आधी लाईन कुजली नाही ना ते बघायला दोन मुठींत धरून हिसके दिले. टोकाचा वीतभर तुकडा तटकन तुटला, पुढचं सगळं शाबूत. डब्यावर 'एचडीएच' लिहिलेलं. तेव्हा लाईन अशा अक्षरांनी, जाडीवरून ओळखायचे, वजनावरचे नंबर १९६०च्या आसपास आले. माझ्या ६ नंबरच्या रॉडला ती छान बसली.

चिकटपणा रेशमाचा नव्हेच, त्यावर चढवलेल्या जवसाच्या तेलाचा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवली, सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं. मग मी शहाणपणा केला. घरात चटणीवर घ्यायचं जवसाचं तेल होतं, तेच चोपडलं. तीन आठवडे झाले तरी ओलं ते ओलंच! परत सोडा, परत धुणं. यासाठी लाकडाला लावतात ते 'बॉईल्ड' लिन्सीड (जवसाचंच तेल) लागतं, त्यात तेल लवकर सुकवणारी द्रव्यं असतात. लावायचं आणि लगेच पुसून काढायचं. असे पाच हात दिले, प्रत्येक हातानंतर आठवडाभर टांगून. तेलाची फडकी मात्र चुरगळून टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. मी कठड्यावर पसरून वाळवली.

मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत वापरली. पीव्हीसीपेक्षा बारीक, त्यामुळे समोरच्या वाऱ्यातही सरळ जाते, आणि पाण्यावर इतकी हलकी उतरते की मीच दोनदा बघत राहिलो आणि मासा सुटला. पण रेशीम पाण्यापेक्षा जड. लाल डबीतलं म्यूसिलिन (लाईन तरंगती ठेवायचं ग्रीस) लावलं तरच तरंगतं, आणि दुपारी जेवायला बसलो की टोक पुसून पुन्हा लावावं लागतं. संध्याकाळी रीलवरून उतरवून सैल वेटोळी करून वाळवायची. एकदा कंटाळा केला, दोन दिवस ओली तशीच राहिली, तर कुबट वास आणि काळे ठिपके.

ऑगस्टमध्ये मधलाच हातभर भाग पुन्हा चिकटायला लागला. आजोबांना दाखवला. त्यांनी चिमटीत फिरवून पाहिला आणि म्हणाले, "शेवटचा हात घाईत दिलास ना?"

दिला होता.