जीमॅटचा रिटेक आणि चुकांची वही: पाच महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकू. एमबीए प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेत पहिल्या प्रयत्नात स्कोअर मनासारखा आला नाही आणि पुन्हा बसायचं (रिटेक) ठरवलं, तर नवा कोर्स, नवी पुस्तकं, आणखी दोन हजार प्रश्न यापेक्षा चुकांची वही जास्त कामाला येते. मात्र बहुतेक जण ती ज्या पद्धतीने ठेवतात, तशी ठेवली तर ती निव्वळ हमाली आहे. पहिले पाच-सहा आठवडे तिचा काही उपयोग दिसत नाही, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर ती सुटते.

वही उघडण्याआधी स्कोअरकडे नीट बघा. या परीक्षेची नवी आवृत्ती, फोकस एडिशन, नोव्हेंबर २०२३ मध्ये आली आणि तिच्यासोबत २०५ ते ८०५ ही नवी मोजपट्टी आली. जुन्या पट्टीवरचे ७०० मनात धरून ६४५ वर रडणारे अजून भेटतात. पर्सेंटाइलच्या हिशेबाने ते दोन्ही जवळपास सारखे आहेत. कॉलेजची सरासरी जुन्या पट्टीवरची आहे की नव्या, हे पाहिल्याशिवाय रिटेकचा निर्णय घेऊच नये. शिवाय स्कोअर तुम्ही पाठवल्याशिवाय कॉलेजला दिसत नाही, त्यामुळे एक वाईट दिवस फाइलला चिकटून बसत नाही.

मग आकडेमोड. क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी वाचन आणि तर्क) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते-माहितीवरून निष्कर्ष) या तिन्ही विभागांना ६० ते ९० गुण आणि तिन्हींचं वजन सारखं. त्यामुळे विभागातला एक गुण वाढला की एकूण स्कोअर साधारण सहा-सात गुणांनी सरकतो. समजा क्वांट ८२, व्हर्बल ८३, डेटा इनसाइट्स ७५, म्हणजे एकूण ६०५. इथे क्वांट ८२ वरून ८६ करायला जेवढा घाम गाळावा लागेल, त्यापेक्षा पुष्कळ कमी श्रमात डेटा इनसाइट्स ७५ वरून ७९ होतो, आणि दोन्हीकडून मिळणारी वाढ तेवढीच. तरीही लोक क्वांटच घेऊन बसतात, कारण ते ओळखीचं असतं.

अधिकृत रिपोर्टमध्ये प्रश्नप्रकार, विषय आणि वेळेचा वापर यांचं विश्लेषण मिळतं, पण प्रत्यक्ष प्रश्न दिसत नाहीत. म्हणून वही मॉक (पूर्ण सराव परीक्षा) आणि सरावातूनच भरावी लागते. रिपोर्ट फक्त कुठे खणायचं ते सांगतो. परीक्षेच्याच दिवशी अर्धं पान लिहून ठेवावं: विभागांचा क्रम काय घेतला, घड्याळ कुठे हाताबाहेर गेलं, शेवटचे किती प्रश्न डोळे मिटून मारले. आठवड्याने हे आठवत नाही. उरते ती फक्त हळहळ.

वहीत सात रकाने पुरतात: तारीख, प्रश्नाचा स्रोत आणि क्रमांक, प्रकार, लागलेला वेळ, चुकीचं कारण, पुढच्या वेळी दिसायला हवी अशी खूण, आणि पुन्हा सोडवण्याच्या तारखा. फक्त चुकलेले प्रश्न लिहून भागत नाही. अंदाजाने बरोबर आलेले आणि तीन मिनिटांहून जास्त खाल्लेलेही आत आले पाहिजेत. खरा खजिना तिथेच असतो.

सगळा खेळ कारणाच्या रकान्याचा. तिथे ‘सिली मिस्टेक’ लिहिण्यावर बंदी घाला. ‘गडबडीत चुकलं’ हेही कारण नव्हे. उदाहरण घ्या: डेटा सफिशियन्सीत, म्हणजे दिलेली दोन विधानं उत्तरासाठी पुरेशी आहेत का हे ठरवायच्या प्रकारात, विचारलंय, क्ष हा य पेक्षा मोठा आहे का, विधान एक म्हणतं, क्षचा वर्ग यच्या वर्गापेक्षा मोठा. विधान पुरेसं धरलं आणि उत्तर चुकलं. वाईट नोंद: ‘लक्ष नव्हतं.’ चांगली नोंद: ‘फक्त धन संख्या घालून पाहिल्या.’ आणि खुणेच्या रकान्यात: ‘वर्ग दिसला की आधी ऋण संख्या.’ क्ष उणे ३ आणि य २ घेतला की विधान कोसळतं. याच प्रकारातली दुसरी नेहमीची चूक म्हणजे पहिल्या विधानातली माहिती नकळत दुसऱ्यात घेऊन जाणं. क्रिटिकल रीझनिंगमध्ये (छोट्या युक्तिवादावरचे प्रश्न) गृहीतक विचारलं असेल तर नोंद अशी: ‘पर्याय उलटा करून पाहिला नाही.’ पर्याय उलटा केल्यावरही, म्हणजे तो खोटा धरल्यावरही, युक्तिवाद उभा राहत असेल, तर ते आवश्यक गृहीतक नव्हे.

पुन्हा सोडवणं तिसऱ्या, दहाव्या आणि पंचविसाव्या दिवशी, जुनं उत्तर झाकून. इथे एक खोट आहे: प्रश्न लक्षात राहतो, आणि ‘उत्तर तिसरं होतं’ एवढंच आठवून लोक खूश होतात. त्यावर उपाय म्हणजे बाकीचे पर्याय का चुकीचे, हे एकेका वाक्यात तोंडी सांगणं. सांगता आलं नाही, तर नोंद बंद करायची नाही.

डेटा इनसाइट्ससाठी मात्र ही वही थोडी तोकडी पडते. मल्टी-सोर्स रीझनिंगमध्ये (माहिती दोन-तीन टॅबमध्ये विभागलेले प्रश्न) चूक बहुधा ज्ञानाची नसते, चुकीचा टॅब वाचण्याची असते. शिवाय एका प्रश्नाचे दोन-तीन भाग असतील तर सगळे बरोबर आल्याशिवाय गुण नाही. इथे आठवा रकाना जोडावा: माहिती कोणत्या टॅबमध्ये होती आणि आपण कुठे शोधली. कॅल्क्युलेटर फक्त याच विभागात मिळतो आणि त्याचाही अतिवापर वेळ खातो. जवळचे गोल आकडे धरून अंदाजाने निभावणारी आकडेमोड त्यावर करू नये.

‘वेळ कमी पडला’ ही नोंद दहा वेळा आली, तर ती खोटी आहे असं समजून तपासा. बहुतेक वेळा त्यामागे दोन-तीन हट्टाचे प्रश्न असतात, ज्यांवर चार-चार मिनिटं गेलेली असतात. प्रत्येक विभाग ४५ मिनिटांचा. क्वांटचे २१ प्रश्न, म्हणून ७ झाले की ३० मिनिटं आणि १४ झाले की १५ मिनिटं उरली पाहिजेत. व्हर्बलचे २३: आठव्यानंतर साधारण २९, सोळाव्यानंतर १४. डेटा इनसाइट्सचे २०: दहाव्यानंतर २२. मागे असाल तर पुढचा अवघड प्रश्न खूण करून अंदाजाने सोडा. शेवटी वेळ उरला तर विभागातली तीन उत्तरं बदलता येतात. पण आधी शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचावं लागतं, आणि कोरे प्रश्न ठेवले तर स्कोअर आणखी खाली जातो.

मॉक जपून वापरा. अधिकृत दोन मोफत आहेत, चार विकतचे. तोच मॉक दुसऱ्यांदा दिला की ओळखीचे प्रश्न येऊन आकडा फुगतो. तो आकडा मोजायचा नाही. दोन आठवड्यांत एकच, सलग, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

दोन प्रयत्नांत १६ दिवसांचं अंतर सक्तीचं आहे आणि १२ महिन्यांत पाच प्रयत्नांची मर्यादा. पण १६ दिवसांत वही जेमतेम सुरू होते. पहिल्या वेळी ताज्या मॉकपेक्षा प्रत्यक्ष स्कोअर ५०-६० ने खाली गेला असेल, तर घोळ वेळेचा किंवा धास्तीचा. तीन-चार आठवडे पुरतात. मॉकसारखाच आला असेल, तर तयारीच तेवढी होती आणि तीन-चार महिने धरून चाला. तारीख मात्र दोन न पाहिलेले मॉक लागोपाठ लक्ष्यापर्यंत पोहोचल्यावरच घ्यावी.

शेवटच्या आठवड्यात नवी नोंद नाही. फक्त खुणांचा रकाना, रोज वीस मिनिटं, मोठ्याने वाचून.