खचला होता जिन्याचा पाय, बदलल्या पायऱ्या

लाकडी जिना खचला की आपलं लक्ष पायऱ्यांकडे जातं, कारण पाय तिथे पडतो. आमच्याकडे आलेल्या कंत्राटदाराने याचाच फायदा घेतला.

जिना एका अंगाला झुकला होता आणि वरच्या मजल्याच्या कडेशी बोटभर फट पडली होती. त्याने पायऱ्यांवर पाय आपटून पाहिला आणि म्हणाला, "ताई, पायऱ्या पार गेल्यात. सगळ्या नव्या सागवानी घालू." निम्मे पैसे आधी घेतले. जुन्या फळ्या 'कुजका माल' म्हणून त्याच दिवशी टेम्पोत घालून नेल्या. नव्या पायऱ्या बसल्या, पॉलिश झालं, आणि जिन्याची खालची बाजू प्लायवूड ठोकून बंद केली. "आता दिसायलाही छान," असं म्हणून उरलेले पैसे घेऊन गेला.

पावसाळा सरेपर्यंत फट पुन्हा उघडली. दुसऱ्या, जाणत्या सुताराने प्लायवूड काढलं तेव्हा खरा प्रकार दिसला. जिन्याचा भार पायऱ्या पेलत नाहीत. दोन्ही बाजूंच्या तिरक्या जाड फळ्या पेलतात. पायऱ्या त्यांच्या खाचांत पाचरी मारून बसवलेल्या असतात. आमच्या जिन्यात त्यातल्या एका फळीचा जमिनीला टेकलेला पाय ओलीने कुजला होता. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की कुजवणारी बुरशी धरते, आणि दमट जमिनीला टेकलेलं टोक तिला आधी सापडतं. त्या कुजक्या पायावर कंत्राटदाराने लांबी (पुट्टी) भरून रंग फासला होता आणि खाली विटेचा तुकडा सरकवला होता. पाचरींऐवजी नुसते खिळे होते. 'सागवानी' पायऱ्या म्हणजे रंग चढवलेलं प्लायवूड. कापलेल्या कडेवर थर स्पष्ट दिसत होते.

मला सगळ्यात जास्त चीड जुन्या पायऱ्यांची येते. त्या धडधाकट होत्या. वर्षानुवर्षं मुरलेलं, आता फारसं न आकसणारं ते सागवान आता पैसे मोजूनही सहज मिळत नाही. चांगलं होतं ते त्याने नेलं, कुजलेलं तसंच ठेवलं, आणि दोन्हींचे पैसे आमच्याकडून घेतले. त्या जिन्यावरून घरातली म्हातारी माणसं रोज चढत-उतरत होती, हे त्याला दिसत होतं.

म्हणून सांगते, काम ठरवण्याआधी खालची बाजू उघडायला लावा. बाजूच्या फळ्यांच्या पायथ्याशी टोच्या किंवा स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. चांगल्या लाकडात तो अडतो, कुजक्यात सहज आत शिरतो. जिना का खचला, हे कंत्राटदाराकडून कागदावर घ्या. ओल कुठून येते हे न विचारता जो थेट पायऱ्यांचा भाव सांगतो, त्याला काम देऊ नका. नवं लाकूड रंग लागण्याआधी, कापलेल्या टोकाकडून पाहा. जुना माल तुमच्या परवानगीशिवाय घराबाहेर जाऊ देऊ नका. आणि खालची बाजू बंद होण्याआधी आतलं काम पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता तर सोडाच, त्याआधीचाही देऊ नका. आतलं काम उघडं असताना फोटो काढून ठेवा.

दुसऱ्या सुताराने जिन्याला टेकू दिले, जॅकने तो हळूहळू उचलला, कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापला आणि नवा तुकडा बोल्टने जोडला. खाली दगडी बैठक दिली, म्हणजे लाकूड जमिनीला टेकणार नाही. पायऱ्या मात्र अजून प्लायवूडच्याच आहेत.