गोल, तिरके की उभे: पंखाच्या टोकांचा नागपुरी उन्हाळ्यातला अनुभव

हिवाळ्याच्या अखेरीपासून नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस) संपेपर्यंत मी दोन मीटर विस्ताराच्या (पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत), आयताकृती पंखाच्या बॅटरीवरील मॉडेल विमानाला तीन प्रकारची टोके आळीपाळीने लावून पाहिली: गोल, खालून तिरकी कापलेली हॉर्नर पद्धतीची आणि उभी विंगलेट (टोकावर वर उभारलेली छोटी पाती). घरी बांधल्या जाणाऱ्या हलक्या विमानांचे पंखही पुष्कळदा असेच आयताकृती असतात, म्हणून हा अनुभव त्या बांधणाऱ्यांच्याही कामी पडावा.

नागपूरची उंची सुमारे 310 मीटर आहे. पण पारा 45 अंशांवर गेला की इथली हवा सुमारे 1500 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते आणि मोटरची शिल्लक ताकद घटते. त्यातच कमी वेगाने वर चढताना लिफ्टपोटी (विमानाला वर उचलणाऱ्या बळापोटी) येणारा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, सर्वांत भारी पडतो. त्यामुळे टोकांमधला जो फरक जानेवारीत जेमतेम जाणवत होता, तो मे महिन्यात स्पष्ट दिसू लागला.

टोकाजवळ लोकरीचे बारीक धागे चिकटवून पंखावरच्या छोट्या कॅमेऱ्याने चित्रीकरण केले. गोल टोकावर खालचे धागे कडेला वळसा घालून वरच्या बाजूला चढत होते, तर हॉर्नर टोकावर ते बाहेरच्या दिशेने झुकून धारदार कडेपाशीच सुटत होते. खालची हवा टोकाला वळसा घालून वर चढताना तयार होणारा भोवरा असा थोडा बाहेर सरकला, की पंख प्रत्यक्षापेक्षा किंचित लांब असल्यासारखा वागतो. ही धार मात्र जपावी लागते. सँडपेपर जास्त फिरला की निम्मा फायदा गेलाच म्हणून समजा.

विंगलेटने चढाईत चांगली साथ दिली, पण वेग वाढताच तिच्या जादा पृष्ठभागाचे घर्षण नडू लागले. मॉडेलच्या आकारात घर्षणाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे खऱ्या विमानात हा तोटा तुलनेने कमी राहील. टोकावरच्या वजनाने मात्र विमान कलायला आळसावते आणि दुपारच्या आडव्या वाऱ्यात उतरताना एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी हलती पट्टी) सतत सांभाळावे लागते. पंख आणि विंगलेट यांच्या सांध्यावर बारीक तडाही दिसू लागला. अमेरिकी विमान-रचनाकार बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझेडसारख्या विमानात विंगलेटवरच रडर (विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणारी पट्टी) असते, म्हणजे एकाच भागाकडून दोन कामे होतात, आणि तिथे ती मला पूर्णपणे योग्य वाटते. साध्या शेपटीच्या विमानाला, हँगरमध्ये जागेची अडचण नसेल तर, मी ती सुचवणार नाही.

सध्या हॉर्नर टोकेच कायम ठेवली आहेत. त्यांना खरी टक्कर देतो तो वाढीव विस्तार: पंख 5 टक्क्यांनी लांबवला, तर त्याच वेगाला आणि त्याच वजनाला लिफ्टपोटीचा ड्रॅग सुमारे 9 टक्क्यांनी घटतो. त्याचबरोबर पंखाच्या मुळाशी वाकवणारा जोरही वाढतो, त्यामुळे नव्या रिब (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) जोडण्याआधी स्पारचे (पंखाच्या आतल्या मुख्य तुळईचे) गणित पुन्हा मांडायला घेतले आहे.