सिल बदलल्याचे फोटो आले, सिल मात्र जुनेच

निवृत्तीनंतर एखादी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्यायची आणि हळूहळू दुरुस्त करून उभी करायची, हा इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींचा बेत असतो. माझ्या ओळखीतच तिघेचौघे आहेत. बहुतेकांना धास्ती असते ती गाडी विकत घेताना फसण्याची. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. ज्या आजोबांनी मला गाडी विकली, त्यांनी कुठे काय सडलंय ते स्वतः टॉर्च धरून दाखवलं. फसवलं ते पत्र्याचं काम घेणाऱ्या वर्कशॉपवाल्याने, आणि त्याची पद्धत इतकी ठरीव होती की मी काही त्याचं पहिलं गिऱ्हाईक नव्हतो. म्हणून जरा खोलात जाऊन लिहितोय.

गाडी १९७१ सालची एमजीबी रोडस्टर, कापडी हूडवाली. हे मॉडेल १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात निघालं. कूपे (पक्क्या छताची) वगैरे सगळे प्रकार धरून पाच लाखांच्या वर गाड्या बनल्या, त्यामुळे त्या काळच्या इतर स्पोर्ट्स गाड्यांच्या मानाने ही स्वस्त पडते. सुटे भाग तर जवळजवळ सगळे नवे मिळतात. जुन्या साच्यांवर काढलेली अख्खी नवी बॉडीसुद्धा १९८८ पासून मिळते. इंजिन १७९८ सीसीचं, त्याला दोन एसयू कार्ब्युरेटर. कुठेही इलेक्ट्रॉनिक भानगड नाही. मी चिंचवडला उमेदवारी (अप्रेंटिसशिप) केली आणि पुढे कोव्हेंट्रीत टूलरूममध्ये आयुष्य काढलं. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळं घरच्या गॅरेजात होण्यासारखं होतं. बाहेर द्यावं लागणारं काम एकच: सिल.

हे सिल प्रकरण समजल्याशिवाय पुढची लबाडी कळायची नाही. एमजीबीच्या आधीच्या एमजीएला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, होती. एमजीबीला चॅसी नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यातून रोडस्टरला वर टप नाही. म्हणजे पुढचं इंजिन आणि मागचा अ‍ॅक्सल यांना सरळ रेषेत धरून ठेवतात ते मुख्यतः दोन्ही दारांखालून जाणारे पत्र्याचे लांब पोकळ डबे. तेच सिल. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मध्ये उभा पडदा आणि खालून कॅसल रेल नावाची पट्टी, अशी त्यांची रचना. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारं पाणी या डब्यांत शिरतं आणि आतून गंज धरतो. बाहेर फुगवटा दिसतो तोवर आतला पडदा गेलेला असतो.

नीट काम करायचं तर आधी पुढचा मडगार्ड उतरवावा लागतो, कारण सिलचं पुढचं टोक त्याच्यामागे लपलेलं असतं. दाराच्या चौकटीत लोखंडी टेकू वेल्ड करायचे, म्हणजे बॉडी मध्ये खचणार नाही. मग एका वेळी एकच बाजू घ्यायची, सडलेलं सगळं कापून टाकायचं आणि आतून बाहेर एकेक थर नवा लावत यायचा. मध्येमध्ये दार लावून फटी तपासायच्या. किचकट काम आहे, वेळ खातं. चोरवाट मात्र फार सोपी आहे: नवा बाहेरचा पत्रा जुन्या सडक्या सिलवरच चढवायचा, कडेने चार टाके मारायचे, वरून लांबी (खाचा बुजवायची पुट्टी) ओढायची आणि रंग मारून मोकळं व्हायचं. आठवड्याचं काम दुपारभरात उरकतं, आणि दिसतं दोन्ही सारखंच.

पूर्वी दरवर्षीच्या एमओटी तपासणीत असली कामं सापडत. आता मे २०१८ पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि फारसा फेरबदल न केलेल्या गाड्यांना एमओटी सक्तीची नाही. जुन्या गाडीवाल्यांना याचं कौतुक. मला विचाराल तर लबाड वर्कशॉपवाल्यांची याहून मोठी सोय सरकारने केली नसती. गाडीखाली कोणी डोकावणारच नाही, तर मग लांबीच्या खाली काय आहे हे कोण विचारणार?

वर्कशॉप वॉरिकशायरमधल्या एका खेड्यात, शेतावरच्या जुन्या कोठारात होतं. नाव देत नाही, आणि पुढे कळेल की नावाचा उपयोगही नाही. माणूस गोड बोलणारा. अंदाजपत्रक दोन पानी आणि व्यवस्थित: दोन्ही बाजूंचे सिल आतल्या थरांसकट, कॅसल रेल, ड्रायव्हरच्या बाजूचा फ्लोअर, मडगार्डांचे खालचे भाग आणि शेवटी पूर्ण रंग. एकूण ११,४०० पौंड. त्यांपैकी ५०० आगाऊ, ३,००० गाडी उघडल्यावर, ४,००० वेल्डिंग झाल्यावर आणि बाकी गाडी ताब्यात देताना. यात खटकण्यासारखं काही नाही. चांगली वर्कशॉपंही असेच टप्पे लावतात. परत येताना बायको एवढंच म्हणाली, "अहो, तिथे कॉफीचं मशीन आहे, भिंतीवर जुन्या गाड्यांची चित्रं आहेत, सगळं आहे. पण हात काळे झालेला एकही माणूस दिसला नाही."

पहिला डाव गाडी उघडण्याचा. गाडी पोचली आणि दोनच दिवसांत चाकं, दारं, सीटा, डॅशबोर्ड, काचा सगळं काढून खोक्यांत गेलं. फोटो आले, ३,००० पौंडांचं बिल आलं. वेल्डिंगला हात लागायच्या आधी एवढं उघडायची गरज नव्हती, आणि दारं तर काढायचीच नसतात, फटी त्यांच्यावरच जुळवतात. पण चाकं नसलेली, चाळीस खोक्यांत विखुरलेली गाडी गिऱ्हाईक उचलून नेऊ शकत नाही. त्यानंतर भाव ठरवायचा तो त्यानेच.

दुसरा डाव म्हणजे "अजून एक सापडलं". मागच्या स्प्रिंगचे हँगर सडलेत, ४५० पौंड. दुसऱ्या बाजूचा फ्लोअरही गेला, ६०० पौंड. बॅटरीच्या पेट्या, ३५०. पुढच्या बल्कहेडला, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्याला, भोकं, ४५०. हे ऐकून कोणालाही संशय येत नाही, कारण पन्नास वर्षांच्या गाडीत खरोखरच असं सापडत जातं. प्रत्येक कामासाठी साधा दोन ओळींचा निरोप यायचा आणि खात्यावर पैसे टाकले की काम सुरू करतो म्हणायचा. बँकेतून थेट भरलेत तर पाच टक्के सूट. या सुटीला फार मोठी किंमत आहे, ती पुढे येतेच.

सुट्या भागांची पावती म्हणून त्याने जो कागद पाठवला, तो नीट पाहिला तर प्रोफॉर्मा इन्व्हॉइस होता. म्हणजे पुरवठादाराने "हे घेतलंत तर इतके पडतील" म्हणून दिलेलं निव्वळ कोटेशन. वर लेटरहेड, खाली बेरीज, मध्ये मडगार्ड-सिल-फ्लोअरची यादी. पैसे भरल्याचा, माल निघाल्याचा एक शब्द नाही.

मग वेल्डिंगचे फोटो आले. सुरेख काम होतं. चौकटीत टेकू, स्वच्छ कापलेल्या कडा, आतला पडदा नवा, एकसारखे टाके. ४,००० चं बिल सोबत, आणि तेही चुकतं झालं. पुढे आठवडाभराने आणखी एक फोटो आला, सीटमागच्या भागाचा, वरून काढलेला. तिथे बॅटरीची पेटी एकच दिसत होती.

१९७१ च्या एमजीबीत सीटांमागे, फ्लोअरखाली, सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. प्रॉपेलर शाफ्टच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला दुसरी. १९७४ मध्ये क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी आले, त्याच सुमारास कारखान्याने बारा व्होल्टची एकच बॅटरी केली. माझ्या गाडीच्या दोन्ही पेट्या मी स्वतः खरवडल्या होत्या. शिवाय याने "बॅटरीच्या पेट्या" म्हणून ३५० पौंड घेतलेले, तेही अनेकवचनात! फोटोतली बॉडी १९७४ नंतरच्या कुठल्यातरी गाडीची होती. मग आधीचे सगळे फोटो पुन्हा काढून बसलो. एकातही बॉनेटखालची चॅसी नंबरची (गाडीच्या ओळख क्रमांकाची; चॅसी नसली तरी नाव तेच) पाटी नव्हती.

फोनवर तो म्हणायचा की विम्याच्या अटीमुळे गिऱ्हाइकाला आत घेता येत नाही. मी न कळवता गेलो. गाडी मागच्या पडवीत ताडपत्रीखाली, लाकडी ठोकळ्यांवर. सिलवर नवा पत्रा होता खरा. पण मडगार्ड धरून ठेवणाऱ्या बोल्टांवर जुना निळा रंग जसाच्या तसा, एकाच्याही कंगोऱ्याला पान्हा लागलेला नाही. मडगार्ड निघालाच नाही तर सिल बदलला कसा? चाकाच्या कमानीतली झाकणपट्टी काढली आणि बारक्या कॅमेऱ्याची तार आत सोडली. बाहेर चकचकीत नवा पत्रा, त्याला चिकटून जुना सिल, त्याच्याआड पडद्याची पिठासारखी भुकटी. खालच्या कडेला नखाने टोकरलं तर लांबीचा पापुद्रा निघाला.

तिथून पुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो नुसता मनस्ताप आहे. गाडी परत मागितली तर म्हणाला उरलेलं बिल भरा, शिवाय दिवसाला पंचवीस पौंड जागाभाडं. इथल्या कायद्यात दुरुस्ती करणाऱ्याला बिल मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते, त्याचा तो फायदा उठवत होता. वकिलाच्या सल्ल्याने ६४० पौंड "हक्क राखून, निषेधासह" असं लेखी नोंदवून भरले आणि गाडी ट्रेलरवर चढवली. पोलीस म्हणाले हा दिवाणी मामला. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या स्थानिक सरकारी खात्याकडे, तक्रार गेली, क्रमांक मिळाला. दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, स्वतः चालवता येतो, म्हणून अर्ज भरायला घेतला, तोवर कंपनी अवसायनात निघालेली. बुडालेल्या कंपनीविरुद्ध निकाल लागला तरी घेणेकऱ्यांच्या रांगेत आपण शेवटी.

पैसे परत आले ते त्या पहिल्या ५०० पौंडांमुळे. ते क्रेडिट कार्डाने दिले होते. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम ७५ नुसार, १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंत किंमत असलेल्या व्यवहारात थोडीशी रक्कमही क्रेडिट कार्डाने भरलेली असली तरी पूर्ण व्यवहाराला कार्ड कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. डेबिट कार्डाला हे लागू नाही, बँकेतून थेट भरलेल्या पैशांना तर नाहीच. स्वतंत्र इंजिनिअरचा अहवाल, फोटो, प्रोफॉर्माचे कागद सगळं जोडलं. कार्ड कंपनीने आधी नाही म्हटलं. फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे (बँका-कार्ड कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या लवादाकडे) जातो म्हटल्यावर, गाडी उघडण्याचं काम झालं होतं त्याचे ९०० कापून, ७,५०० पैकी ६,६०० पौंड दिले. "अजून एक सापडलं" वाले १,८५० मात्र गेले. ती कामं मूळ अंदाजपत्रकात नव्हती, प्रत्येक वेगळा करार ठरला, आणि त्यांतलं काहीच कार्डाने भरलेलं नव्हतं. पाच टक्के सूट कशासाठी होती ते तेव्हा उमगलं.

कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर कोणत्याही कंपनीची नोंद फुकट पाहता येते. तिथे या संचालकाच्या नावावर आधीच्या दोन बंद कंपन्या निघाल्या, दोन्ही गाड्यांच्या धंद्यातल्या. आणि आता तिसरीही गेल्यावर, त्याच कोठाराच्या पत्त्यावर चौथी नोंदवलेली आहे. म्हणून म्हटलं, नाव सांगून उपयोग नाही. संचालकाचं नाव टाकून शोधा, पत्ता टाकून शोधा. हिशेब मुदतीत भरलेत का तेही तिथेच दिसतं.

सध्या गाडी दुसऱ्या एका वेल्डरकडे आहे, एमजी ओनर्स क्लबच्या माणसांनी सुचवलेल्या. तो दारं काढू देत नाही. काम चालू असताना कधीही या म्हणतो, आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात चॅसी नंबर खडूने लिहिलेली पाटी असते. वाढीव काम निघालं की आधी सडका तुकडा कापून हातात देतो, मग पैशांचं बोलतो. काम संपलं की सक्ती नसतानाही एमओटीला नेणार आहे. ५४ पौंड ८५ पेन्स, यापेक्षा जास्त फी घेता येत नाही, आणि सीटबेल्ट नि सस्पेन्शनच्या जोडांपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमजोर करण्याइतका गंज असेल तर गाडी नापास होते.

तयार गाडी घेणार असाल तर एक सोपी चाचणी आहे. दार उघडून, लावून बघा. मग सिलखालच्या जागी जॅक लावून गाडी उचला आणि पुन्हा दार उघडा. ते अडकलं किंवा वरची फट मिटली, तर वरचा रंग कितीही चकाकत असो, आतला सिल गेलेला आहे. विकणारा जॅक लावू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. कोव्हेंट्री-बर्मिंगहॅमच्या आसपास कोणी गाडी बघायला निघालं असेल तर निघण्याआधी कळवा. माझ्याकडे जॅक आहे, कॅमेऱ्याची तार आहे, आणि शनिवार सहसा मोकळा असतो.