कॉलेज रोडचं न्यूरो फिजिओ सेंटर: पेशंट स्वतःचा हात ओळखत नसेल तर इथे दाखवा

सासऱ्यांना उजव्या मेंदूत स्ट्रोक झाला, डावी बाजू गेली. ते समजण्यासारखं होतं पण घरी आणल्यावर पप्पा म्हणायला लागले हा हात माझा नाहीच, हिचा (म्हणजे सासूबाईंचा) आहे, हिला सांग उचलून घे. बाकी डोकं शाबूत हां, द्राक्षाचा भाव, एफडीची तारीख सगळं तोंडपाठ. मग नातेवाईक सुरू, कोणी म्हणे वेड लागलं, कोणी म्हणे बाहेरचं आहे. आधीच्या फिजिओवाल्याने तर "काका नाटक नका करू" म्हणून हात खेचला.

इथल्या मॅडमनी वादच घातला नाही. "मग तुमचा कुठंय?" विचारलं, पप्पा म्हणे असेल इथेच कुठेतरी. नंतर बाहेर आम्हाला समजावलं की याला सोमॅटोपॅराफ्रेनिया म्हणतात, वेड नाही, उजव्या मेंदूला इजा झाली की बहुतेक डाव्या हाताबाबत होतं. डोळ्याला हात दिसतो पण आतून तो आपला असल्याची जाणीवच येत नाही, मग मेंदू काहीतरी गोष्ट रचतो आणि पेशंटला ती शंभर टक्के खरी वाटते. गर्स्टमन नावाच्या डॉक्टरने 1942 मध्ये हे नाव दिलं म्हणे. बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत कमी होतं, काहींचं राहतं, खोटी गॅरंटी दिली नाही हे मला सगळ्यात आवडलं.

समोर आरसा ठेवला तेव्हा तर आम्ही बघतच राहिलो, खाली बघितलं की हात सासूबाईंचा आणि आरशात बघितलं की "हा माझाच की"! आरसा काढला की परत पहिले पाढे पंचावन्न. मी नेटवर डाव्या कानात थंड पाणी सोडण्याबद्दल वाचलेलं, मॅडम म्हणाल्या त्याने खरंच फरक पडतो पण तेवढ्यापुरताच, घरी अजिबात करू नका. घरी काय करायचं ते नीट दाखवलं, हाताखाली उशी, बोटं व्हीलचेअरच्या चाकात जात नाहीत ना बघा, उठवताना तो हात ओढायचा नाही, खांदा निखळतो.

आता पप्पा कधी माझा म्हणतात कधी हिचा, पण ढकलून देत नाहीत.

एक स्टार कापला कारण लिफ्टमध्ये व्हीलचेअर तिरकी करून घुसवावी लागते, पार्किंगचं तर विचारूच नका, संध्याकाळी रिक्षानेच जा. फी पण चांगलीच आहे, पॅकेज लगेच घेऊ नका, आधी सुटे सेशन करून बघा, ते नाही म्हणत नाहीत.