ब्लेक की रोझेटी? कविता आणि चित्र एकत्र अभ्यासायचे असेल तर

एम.ए.च्या शोधनिबंधासाठी असो किंवा निव्वळ आवडीने, इंग्रजी रोमँटिक आणि व्हिक्टोरियन कविता चित्रकलेसोबत वाचायची म्हटली की दोन नावे पुढे येतात: विल्यम ब्लेक (१७५७–१८२७) आणि दांते गॅब्रिएल रोझेटी (१८२८–१८८२). दोघेही कवी, दोघेही चित्रकार, दोघेही लंडनचे. तरी एकाला वाचायची रीत दुसऱ्याला चालत नाही.

ब्लेकने चौदाव्या वर्षापासून जेम्स बझायर या उत्कीर्णकाराकडे उमेदवारी केली. पुढे छपाईची स्वतःची पद्धत काढली. तांब्याच्या पत्र्यावर, आम्लाला दाद न देणाऱ्या द्रवाने, अक्षरे उलटी लिहायची आणि त्याच कुंचल्याने भोवतीचे चित्र काढायचे. मग आम्ल उघडे तांबे खाऊन टाकी आणि अक्षरे-रेषा उठून राहत. छाप्यांवर तो आणि त्याची पत्नी कॅथरीन हाताने रंग भरत. त्यामुळे १७९४ साली एकत्र आलेल्या ‘साँग्ज ऑफ इनोसन्स अँड ऑफ एक्सपिरिअन्स’ची एक प्रत दुसरीसारखी नाही. रंग वेगळे, कवितांचा क्रमसुद्धा वेगळा.

अभ्यासाला याचा थेट उपयोग होतो. याच संग्रहातली ‘द टायगर’ वाचताना अंगावर येणारा वाघ पानाच्या तळाशी मात्र जवळजवळ सौम्य दिसतो, आणि प्रतीगणिक त्याचा रंग बदलतो. ‘लंडन’च्या पानावर एक मूल कुबड्या घेतलेल्या म्हाताऱ्याला वाट दाखवत नेते; कवितेत ही जोडी कुठेच नाही. हे चित्र ओळींना दिलासा देते की त्यांचे दुःख वाढवते? पाठ्यपुस्तकात नुसती कविता छापली की हा प्रश्नच नाहीसा होतो, आणि आपल्याकडे बहुतेकांची ब्लेकशी ओळख अशीच होते. मला याचे फार वाईट वाटते.

रोझेटीकडे शब्द आणि चित्र सहसा वेगवेगळ्या वेळी जन्मतात. ‘द ब्लेसिड डॅमोझेल’ ही कविता ‘द जर्म’ या नियतकालिकात १८५० साली आली. त्या विषयाचे तैलचित्र त्याने १८७०च्या दशकात केले. कवितेत स्वर्गाच्या सोनेरी कठड्यावरून झुकलेली तरुणी बोलते, आणि पृथ्वीवरच्या प्रियकराचे मनोगत कंसात येते. चित्रात त्या कंसाची जागा खालच्या स्वतंत्र पट्टीने घेतली आहे. तिथे तो झाडाखाली पडून वर पाहतो. एवढ्या एका बदलावर अख्खे प्रकरण लिहिता येईल.

याउलट, ‘द गर्लहुड ऑफ मेरी व्हर्जिन’ (१८४८–४९) या चित्रासाठी त्याने दोन सुनीते लिहिली. त्यांतले एक चित्रातली प्रतीके उलगडून सांगते: लाल कापडावरची त्रिकोणी खूण, तिचे अपुरे टोक, म्हणजे ख्रिस्त अजून जन्मायचा आहे. इथे कविता चित्राची वाटाड्या होते.

साधनांच्या बाबतीत दोघेही उदार. ब्लेक अर्काइव्ह १९९६ पासून इंटरनेटवर आहे आणि त्यात एकाच पानाच्या वेगवेगळ्या प्रती शेजारी ठेवून पाहता येतात. रोझेटी अर्काइव्ह जेरोम मॅकगन यांनी व्हर्जिनिया विद्यापीठात उभा केला. दोन्ही मोफत. पण लंडनला जाणे शक्य नसेल तर एक फरक लक्षात घ्या. ‘साँग्ज’ची पाने सुमारे ११ बाय ७ सेंटिमीटरची, म्हणजे पडद्यावर ती मूळ आकाराहून मोठी दिसतात. रोझेटीच्या तैलचित्रांचा आकार आणि त्याने स्वतः योजलेल्या चौकटी पडद्यावर मार खातात.

पूर्ववाचन दोन्हीकडे लागते. ब्लेकसाठी बायबल आणि इंग्रजी कवी मिल्टन, रोझेटीसाठी इटालियन महाकवी दांते आणि आर्थर राजाच्या कथा. ब्लेकच्या दीर्घ काव्यांत मात्र सुरुवातीला शिरू नका. ‘जेरुसलेम’च्या शंभर पानांत हाती असलेले सहा महिने सहज जातील.

तुमचा ओढा समाजाकडे, स्त्रियांच्या प्रश्नाकडे असेल तर रोझेटी जास्त देतो. त्याची बहीण ख्रिस्तिना हिने १८५६ साली एका सुनीतात चित्रकाराच्या खोलीतला एकच चेहरा, सगळ्या कॅनव्हासांवर तोच, असा टिपला की मॉडेल म्हणून बसलेल्या बाईचा विचार टाळताच येत नाही. पत्नी एलिझाबेथ सिडल हिच्यासोबत १८६२ मध्ये पुरलेली हस्तलिखिते रोझेटीने १८६९ मध्ये उकरून काढवली. त्यांतल्या कविता पुढच्या वर्षी पुस्तकात आल्या. हा तपशील सनसनाटी म्हणून नव्हे, कवी-चित्रकाराच्या हक्काचा प्रश्न म्हणून वाचावा.

माझे मत विचाराल तर पहिल्यांदाच या वाटेला येणाऱ्याने ब्लेक घ्यावा, आणि तोही ‘साँग्ज’पुरताच. चित्र बघायची सवय तिथे लागते, कारण पानाबाहेर कुठे जावेच लागत नाही. चित्रकलेचा इतिहास आधी थोडा वाचलेला असेल, किंवा मार्गदर्शक व्हिक्टोरियन काळाचे अभ्यासक असतील, तर रोझेटी.

आणि दोघांपैकी एकालाही सोडवत नसेल, तर ब्लेकची वही घ्या. ‘द टायगर’चा कच्चा खर्डा असलेली ती वही रोझेटीने १८४७ साली, विशीही गाठली नसताना, भावाकडून दहा शिलिंग उसने घेऊन विकत घेतली. १८६३ मध्ये निघालेले गिलख्रिस्टलिखित ब्लेकचे चरित्र पुरे करण्यात रोझेटी बंधूंनी हातभार लावला. व्हिक्टोरियन वाचकाला ब्लेक कोणत्या रूपात भेटला आणि रोझेटीने ब्लेकच्या ओळींत काय बदलले, हा शोधनिबंधाचा विषय आटोपशीर आहे, आणि वही आज ब्रिटिश लायब्ररीत आहे.