दहा महिने एकाच खांद्यावर: मध्यम आकाराच्या कॅमेरा बॅगेचा अनुभव

बॅग घेतली गेल्या दसऱ्यानंतर, आणि हे लिहितोय यंदाची कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या देवीच्या उत्सवाचं, विसर्जन झाल्यावर. मधल्या काळात सारंगखेड्याची यात्रा, नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या, अख्खी लग्नसराई, रावेर-यावलची केळी आणि तोरणमाळचा पाऊस एवढं सगळं या बॅगेने सोसलं. घेण्याआधी मी जे व्हिडिओ पाहिले त्यांत बॅग टेबलावर ठेवून एकेक कप्पा उघडून दाखवतात. टेबलावर सगळ्याच बॅगा शहाण्यासारख्या वागतात.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि असल्या बॅगांचं मॉडेल दर वर्षी थोडंफार बदलतं. मापं देतो, ती जास्त कामाची.

आधी माझ्याकडे पाठीवरची सॅक होती, पंचवीस लिटरची. तिच्यात घरातलं सगळं सामान मावायचं, आणि मावतं म्हणून मी ते भरायचो. लग्नात लेन्स बदलायची तर सॅक उतरवा, मांडवात आडवी टाका, पूर्ण चेन उघडा. तोवर नवरीचा हार घालून झालेला असायचा. एकदा घाईत सॅक उघडी राहिली आणि अक्षता थेट आत पडल्या. कुंकवात कालवलेला ओला तांदूळ होता. फोमवर पडलेले लाल ठिपके आजही आहेत. त्या रात्री घरी येऊन बायकोला सांगितलं, खांद्याची बॅग घेतोय. ती म्हणाली, "घ्या, पण जुनी आधी विका." त्याचं शेवटी सांगतो.

आकार ठरवायला मी एक काम केलं, ते कुणीही करावं. मागच्या वर्षभरातले फोटो लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये लेन्सप्रमाणे वेगळे केले. दहातले आठ फोटो २४-१०५ मिमीच्या झूम लेन्सने काढलेले निघाले. उरलेल्यांत लांबचं टिपणाऱ्या १००-४०० चे आणि थोडे ५० मिमीचे. ज्या दोन लेन्स मी "लागतील म्हणून" दोन वर्षं पाठीवर वाहिल्या, त्यांचे मिळून चाळीस फोटोही नव्हते. मग यादी सरळ झाली: कॅनन आर६ कॅमेऱ्याला लावलेली २४-१०५ एफ/४, १००-४०० एफ/५.६-८, छोटी ५०, एक फ्लॅश, दोन जादा बॅटऱ्या आणि कार्डांची डबी.

आता मापं. कॅमेरा लेन्ससकट बॅगेत उभा, लेन्स खाली करून ठेवायचा असेल तर आतली खोली बघावी लागते, आणि दुकानात नेमकी तीच कुणी सांगत नाही. आर६ ची बॉडी सुमारे १४ सेंटीमीटर रुंद, २४-१०५ पावणेअकरा सेंटीमीटर लांब. दोन्ही जोडून उभे केले की एकोणीस-वीसच्या घरात जातात. १००-४०० बंद असताना साडेसोळा. म्हणजे आत २२ सेंटीमीटर खोली हवी, नाहीतर झाकण कॅमेऱ्याच्या पाठीवर, म्हणजे स्क्रीनवर, दाबून बसतं. माझ्या बॅगेचं आतलं माप ३० × १४ × २२ आहे, म्हणजे साधारण नऊ लिटर. लांबीच्या ३० मध्ये कॅमेऱ्याला १४, मोठ्या लेन्सला ९ आणि उरलेल्या ७ मध्ये फ्लॅश. ५० मिमी पुढच्या खिशात, जुन्या पायमोज्यात गुंडाळून. हसू नका, त्या पायमोज्याइतकी चांगली लेन्स-थैली मला अजून मिळालेली नाही.

वेबसाइटवर जी मापं असतात ती बरेचदा बाहेरची असतात. फोम सगळीकडून दोन-दोन सेंटीमीटर खातो. म्हणून मी जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो. सामान बाजाराच्या कापडी पिशवीत टॉवेलात गुंडाळून नेलं आणि फोर्टातल्या बोरा बाजारात दुकानं फिरलो. पाच दुकानांत स्वतःचं सामान घालून बघितलं, भरलेली बॅग खांद्याला लावून दुकानातच इकडून तिकडे फिरलो. एका दुकानदाराने विचारलं, "भाऊ, बॅग घ्यायचीय का मॉर्निंग वॉक करायचाय?" त्याच्याकडूनच घेतली. ३,८०० रुपये. रंग खाकी, कापड जाड कॅनव्हास, आतला फोमचा डबा पूर्ण काढता येणारा.

कॅनव्हासचा आग्रह का, तेही सांगतो. सत्तरच्या दशकात फिलाडेल्फियातल्या वृत्तपत्राचा छायाचित्रकार जिम डोम्के याने स्वतःच्या कामासाठी कॅनव्हासची बॅग बनवली, तिच्यातून पुढे डोम्के बॅगा आल्या. कडक खोक्यासारख्या बॅगांपुढे ही मऊ, अंगाला लागून बसणारी. बातमीदाराला गर्दीत घुसायचं असतं, तसंच वरातीतल्या फोटोग्राफरलाही. कडक बॅग डीजेपुढे नाचणाऱ्यांच्या कमरेला लागते आणि शिव्या आपल्याला बसतात.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत पहिली परीक्षा झाली. घोडेबाजार म्हणजे धूळ. घोडा दौडवून दाखवतात तेव्हा तर पाच फुटांवरचा माणूस दिसत नाही. माझ्या बॅगेला वर मोठं झाकण आणि त्याखाली चेन, अशी दुहेरी सोय आहे. लग्नात मी चेन उघडीच ठेवतो, नुसतं झाकण पुरतं. यात्रेत दोन्ही बंद. तरी संध्याकाळी तळाशी बोटाने रेघ ओढता येईल एवढी माती निघाली. दुसऱ्या दिवशी केळीच्या घडावर घालतात ती स्कर्टिंग बॅग वरून चढवली. यावलच्या एका शेतकऱ्याकडून दोन मागून आणल्या होत्या. पातळ, हलकं कापड, आत हात घालता येतो आणि धूळ बाहेर राहते. पाणी मात्र त्यातून झिरपतं, तेव्हा पावसाला त्याच्यावर भरोसा नको.

धुळीपेक्षा वाईट निघाली मिरची. नंदुरबारला लाल मिरची उघड्या मैदानात पथारीवर वाळत घालतात, लांबवर नुसता लालभडक गालिचा. फोटो सुंदर येतात. मी बॅग दोन तास तिथे जमिनीवर ठेवून काम केलं. आठ दिवसांनी जळगावात एका साखरपुड्याला बॅगेतून लेन्स पुसायचं कापड काढलं आणि त्याच कापडाने कपाळाचा घाम पुसला. पुढची वीस मिनिटं मी नळाखाली होतो आणि नवरदेवाच्या मामाने मोबाइलवर काढलेले फोटो आता अल्बममध्ये आहेत. मिरचीची बारीक भुकटी फोममध्ये बसली की झटकून निघत नाही. डबा बाहेर काढून उन्हात उलटा आपटला, व्हॅक्यूम मारला, ओल्या फडक्याने पुसला, तेव्हा कुठे गेली. इथे काढता येणारा डबा किती उपयोगी पडला ते कळलं. शिवलेला फोम असता तर बॅग फेकावीच लागली असती.

वेल्क्रोबद्दल माझा राग जुना आहे. सातपुड्याच्या पायथ्याला शहादा भागात रानपिंगळा बघायला जातो मी. हा पक्षी १८८४ नंतर कुणाला मिळालाच नव्हता, नामशेष झाला असं धरून चालले होते, आणि १९९७ मध्ये याच भागात पुन्हा सापडला. बाकी घुबडांसारखा रात्रीचा नाही, दिवसाढवळ्या सागाच्या उघड्या फांदीवर बसतो. जागा सांगणार नाही, विचारू नका. जानेवारीत एका सकाळी तो पंधरा-वीस पावलांवर बसलेला, १००-४०० बॅगेत, आणि मी झाकण उघडलं. खर्रर्र. त्याने मान फिरवून माझ्याकडे बघितलं आणि गेला. घरी येऊन वेल्क्रोच्या काटेरी पट्टीवर मऊ पट्टीचा तुकडा कायमचा चिकटवून टाकला. आता झाकण नुसत्या दोन क्लिपांवर बंद होतं, आवाज नाही. कंपन्या हे पट्टीचे तुकडे बॅगेबरोबर का देत नाहीत कळत नाही. दहा रुपयांचं काम आहे.

उन्हाळा मात्र बॅगेला झेपला नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, भुसावळचं तर विचारूच नका. कप्प्यांच्या फोमच्या पट्ट्या टोकाला नुसत्या गमने चिकटवल्या होत्या. एका दुपारी हळदीला बॅग मोटारसायकलवर उन्हात राहिली. उघडली तर दोन पट्ट्या सुटून लेन्सवर आडव्या आणि बोटाला गम लागतोय. खाकी रंग होता म्हणून एवढ्यावर निभावलं. मित्राची काळी बॅग त्याच मांडवाबाहेर हात लावू देत नव्हती. घेताना पट्टीचं टोक नखाने उचलून बघा: शिवलेलं असेल तर घ्या, चिकटवलेलं असेल तर खान्देशात चालणार नाही.

त्याच महिन्यात खांद्याच्या पट्ट्याची शिवण उसवली. बॅग रिकामी १,१५० ग्रॅम, भरलेली किराणा दुकानाच्या काट्यावर ४ किलो १०० ग्रॅम भरली. एवढं वजन मोटारसायकलवर हिसके खात असेल तर कड्याजवळची शिवण आधी जाणार. नशीब, बसस्टँडवर थांबलो असताना बोटाला दोरा लागला. जवळच बॅगा शिवणारे एक बाबा बसतात. त्यांनी चष्म्यातून बघितलं आणि म्हणाले, "हाऊ दोरा कच्चा शे, भाऊ. नायलॉनना टाकस मी." दोन्ही बाजूंना चौकोन करून वर फुली मारली, ऐंशी रुपये घेतले. चेनचा रनरही त्यांनीच बदलला. नवी बॅग आणल्या आणल्या असं करून घ्यावं असं मी आता सगळ्यांना सांगतो.

पट्टा पाच सेंटीमीटर रुंद आहे, खाली रबराचे ठिपके असलेला पॅड. सुती शर्टावर घसरत नाही, लग्नात घालायच्या चकचकीत जॅकेटवर घसरतो. तीन तास आरामात जातात. पाचव्या तासाला उजवी मान बोलायला लागते. पट्टा तिरका, डोक्यातून घालून दर तासाला खांदा बदलला तर बरं, पण वरातीत हे लक्षात कुणाच्या राहतं? दुसरी खोट म्हणजे झाकण पोटाकडे उघडतं. हात घालताना ते मधे येतं, पोट आणि बॅग यांच्यात कोंबून ठेवावं लागतं. बाहेरच्या बाजूला पडणारं झाकण मिळालं तर तेच घ्या.

झाकणावर आता एक तपकिरी नकाशा आहे. रावेरला केळी कापणीचे फोटो काढताना घडाच्या दांड्याचा चीक ठिबकला. पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, दुसऱ्या दिवशी काळपट होतो आणि मग कशानेही निघत नाही. साबण, लिंबू, रॉकेल सगळं करून झालं. कापणारे मजूर वेगळा जुना सदरा का घालतात ते मला बॅग खराब झाल्यावर समजलं.

पावसाळ्यात तोरणमाळला धुक्यात दोन दिवस होतो. वरून येणाऱ्या पावसाला सोबतचं कव्हर पुरलं, पण तळाला पाय नाहीत, त्यामुळे ओल्या दगडावर ठेवली की कॅनव्हास पाणी ओढतो. आता तळाखाली खताच्या गोणीच्या आतल्या प्लास्टिकचा तुकडा घालतो. परत आल्यावर सामान बॅगेत ठेवत नाही, फोम ओल धरतो आणि लेन्सवर बुरशी येते. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो. निळे खडे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यावर परतायचे, परत निळे होतात. तवा त्यासाठी वेगळा ठेवा, हे बायकोच्या सांगण्यावरून लिहितोय.

एसटीत आणि सुरत पॅसेंजरमध्ये मात्र हिला तोड नाही. मांडीवर बसते, शेजारच्याला लागत नाही, रात्री उशाला घेता येते. कानबाईच्या रात्री गर्दीत बॅग पुढे पोटावर घेऊन बसलो होतो, तेव्हा एका आजीने प्रसादाच्या रोटाचा तुकडा हातावर ठेवत विचारलं, "तुनी पिशवीमा काय शे रे भाऊ?" कॅमेरा म्हटल्यावर म्हणाल्या, मग तो बाहेर काढ ना, कधीचा बसलायस. त्यांचा फोटो या वर्षातला माझा सगळ्यात आवडता आहे, ५० मिमीने काढलेला.

आणि जुनी सॅक. ती विकायला काढली होती, एकाने दीड हजाराला मागितलीही. तेवढ्यात तोरणमाळ ठरलं आणि सीताखाईकडे चालताना चार किलो एका खांद्यावर घेऊन माझी काय गत झाली ते बायकोने पाहिलं. सॅक आता परत कपाटावर आहे. चढ-उताराच्या वाटेला ती, बाकी सगळीकडे ही. दीड हजार मात्र गेले.